पदवी कधी मिळाली, हे विचारणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,
साष्टांग नमस्कार.

असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे मला माहीत आहे. पण घरी येऊन आभार मानायला लागले की तुम्ही चहा टाकायला उठता आणि विषय तिथेच राहतो. आणि इथे शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी कुणीतरी आत्ता, मी तेव्हा होते त्याच जागी असणार. त्याच्याही हाती हे पडावं.

२०२२च्या गणपतीतली गोष्ट. लंडनमध्ये डॉलिस हिल लेनवर, महाराष्ट्र मंडळाच्या स्वयंपाकघरात मी ताटं विसळत होते आणि ओट्यावरचा फोन सारखा उलटा करून ठेवत होते. तुम्ही शेजारी पुसायला उभ्या होतात. आपली ओळख जेमतेम नाव माहीत असण्याइतकी. तुम्ही हळूच विचारलंत, "कुणाचा फोन चुकवते आहेस गं?" मी म्हटलं, "बँकेचा." आणि मग मला पुढे बोलताच येईना. तुम्ही माझ्या हातातलं ताट काढून घेतलंत, नळ बंद केलात आणि मला मागच्या जिन्यावर नेऊन बसवलंत.

त्याच आठवड्यात माझं खोलीभाडं खात्यातून न जाता परत आलं होतं. खातं १८४० पौंडांनी उण्यात होतं, आणि इतकी वर्षं २००० असलेली ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिल्लक संपल्यावरही खात्यातून काढता येणाऱ्या पैशांची, मर्यादा १ सप्टेंबरला १००० झाली होती. मर्यादेबाहेरच्या ८४० पौंडांवर वर्षाला, चक्रवाढ धरून, ३९.९ टक्क्यांनी व्याज सुरू झालं होतं, म्हणजे रोजचे जवळपास ७७ पेन्स. ऐकायला किरकोळ वाटतं. नोकरी नसलेल्या माणसाला ते रोज सकाळी मोजावंसं वाटतं, आणि मी मोजत होते.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. इथे युनिव्हर्सिटीत गेलं की बँका स्टुडंट अकाउंट देतात, त्यातल्या ओव्हरड्राफ्टवर व्याज नसतं. बहुतेक मुलं तो वापरतातच, कारण स्टुडंट लोन टर्मच्या सुरुवातीला येतं आणि भाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं. पदवी झाली की तेच खातं ग्रॅज्युएट अकाउंट होतं आणि बिनव्याजी मर्यादा पायरीपायरीने खाली येते. प्रत्येक बँकेच्या पायऱ्या वेगळ्या. माझ्या बँकेत पहिलं वर्ष २०००, दुसरं वर्ष १०००, मग साधं खातं. स्टुडंट लोन पगार ठरावीक रकमेच्या वर गेल्यावरच कापलं जातं. ओव्हरड्राफ्टला ती सवलत नाही, तो बँक मागेल तेव्हा परत करायचा असतो. एप्रिल २०२० पासून इथल्या नियामकाने ओव्हरड्राफ्टवरचे ठरावीक आकार बंद केले आणि सगळी किंमत एकाच वार्षिक व्याजदरात दाखवायला लावली. त्यानंतर बऱ्याच मोठ्या बँकांचा दर चाळिसाच्या आसपास गेला. मी जिन्यावर बसले होते त्या दिवशी बँक ऑफ इंग्लंडचा, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेचा, मूळ व्याजदर १.७५ टक्के होता.

हेल्पलाइनला मी तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, मर्यादा नियमाप्रमाणे बदलली आहे, आधी पत्र पाठवलं होतं. ते पत्र शिकत असताना राहत होते त्या घरी गेलं होतं. नवा पत्ता मी जूनमध्येच अॅपवर भरला होता. शेवटी त्या घरातल्या मैत्रिणीने पत्राचा फोटो पाठवला. तो मी तुम्हाला दाखवला.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, फोन डोळ्यांजवळ धरलात आणि तेवढंसं पत्र तीनदा वाचलंत. मग म्हणालात, "यात लिहिलंय, तुमचं ग्रॅज्युएट खात्याचं दुसरं वर्ष सुरू होत आहे. तुला पदवी कधी मिळाली?"

"जुलैत."

"कुठल्या वर्षीच्या?"

"याच. दोन महिने झाले."

"मग दुसरं वर्ष कसं सुरू झालं?"

काकू, तो प्रश्न मला स्वतःला पडला नव्हता. हेल्पलाइनवरच्या तिघांपैकी एकालाही पडला नव्हता. माझा कोर्स प्लेसमेंटचं, म्हणजे कंपनीत काम करून शिकण्याचं, वर्ष धरून चार वर्षांचा होता, २०१८ ते २०२२. बँकेने तो तीन वर्षांचा धरून मला २०२१ मध्येच पदवीधर करून टाकलं होतं. मी शेवटच्या वर्षाच्या परीक्षा देत होते तेव्हा माझं ग्रॅज्युएट खात्याचं पहिलं वर्ष चालू होतं. मर्यादा २०००च राहिल्यामुळे मला ते कळलंही नाही.

पुढच्या मंगळवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. तुम्ही दादरच्या बँकेत कर्ज विभागात बावीस वर्षं काढलीत, हे मला त्या दिवशी कळलं. टेबलावर ऑइलक्लॉथ, त्यावर रेघांची वही आणि टोक केलेली पेन्सिल. तुम्ही म्हणालात, "फोनवर बोललेलं हवेत जातं. लिहून द्यायचं, आणि पहिल्याच ओळीत 'ही तक्रार आहे' असं लिहायचं. चौकशी म्हटलं की उत्तर देऊन फाइल बंद करतात. तक्रार म्हटलं की घड्याळ सुरू होतं." त्या घड्याळाचे आठवडे आठ. तेवढ्यात बँकेने अंतिम उत्तर द्यायचं, नाही दिलं किंवा ते पटलं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे जायचं. तिथे ग्राहकाला एक पेनीही द्यावी लागत नाही. अंतिम उत्तर आल्यापासून त्यासाठी सहा महिने मिळतात.

पत्र पानभराचंसुद्धा झालं नाही. तुम्ही माझी सगळी विशेषणं खोडलीत. "तुला किती त्रास झाला ते शेवटी एका वाक्यात. आधी तारखा." कोर्स कधी सुरू झाला, प्लेसमेंट कुठल्या वर्षी, पदवी कधी, पत्ता कधी बदलला, भाडं कधी परत आलं. सोबत युनिव्हर्सिटीचं पत्र. मागण्या तीन, तारीख दुरुस्त करा, मर्यादा पूर्ववत करा, व्याज परत द्या. १२ सप्टेंबरला ते अॅपवरून पाठवलं आणि पोस्टानेही. पोस्टाचे संप चालू होते, म्हणून अॅपवरच्या पोचपावतीचा फोटो काढून ठेवायला तुम्हीच सांगितलंत. १९ तारखेला राणीच्या अंत्ययात्रेची सुट्टी आली, सगळं आणखी लांबलं, आणि मी रोज तुम्हाला मेसेज करत राहिले. तुम्ही प्रत्येक मेसेजला उत्तर दिलंत. एकदाही "धीर धर" म्हणाला नाहीत, "आज चौदावा दिवस" असं म्हणायचात.

आणखी एक काम तुम्ही त्याच दिवशी करून घेतलंत. दुसऱ्या एका बँकेत ओव्हरड्राफ्ट नसलेलं बेसिक खातं. उद्या पगार सुरू झाला आणि तो या उण्यातल्या खात्यात पडला तर तो खड्डा भरण्यातच जाईल, भाड्याला उरणार नाही, हे तुम्ही पेन्सिलीने रेघ मारून दाखवलंत. चार वर्षं इथल्या बँकेत खातं असून मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिलं उत्तर नकाराचं आलं. मी तुमच्या दारात रडत उभी राहिले. त्या दिवशी तुम्ही सिटिझन्स अॅडव्हाइस या लोकांना मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेबद्दल सांगितलंत, जिथे तुम्ही आठवड्यातून एकदा बसता. ३ सप्टेंबर १९३९ला युद्ध जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची पहिली केंद्रं उघडली. "तेव्हापासून लोक कागद घेऊन येतायत," तुम्ही म्हणालात. "माझ्यासमोर शिक्षक बसतात, नर्स बसतात. तू काही वेगळी नाहीस." मग तो नकार पुन्हा वाचून तुम्ही दाखवलंत की त्यात युनिव्हर्सिटीच्या पत्राचा उल्लेखच नव्हता. आपण तेवढंच लिहून परत पाठवलं.

२८ ऑक्टोबरला तक्रार विभागातून फोन आला. तारीख दुरुस्त झाली, मर्यादा पुन्हा २०००, व्याजाचे ४४ पौंड आणि काही पेन्स परत, त्रासाबद्दल आणखी ५० पौंड. फोन ठेवल्यावर मी आधी तुम्हाला कळवलं, मग आईला.

आईला तोपर्यंत काहीच माहीत नव्हतं. आमच्या घरी कर्ज हा शब्द हळू आवाजात उच्चारतात. "अंथरूण पाहून पाय पसरावे" हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की बँकेचं पत्र वाचतानाही तेच कानात वाजत होतं. काकू, त्या दोन महिन्यांत तुम्ही ती म्हण एकदाही उच्चारली नाहीत. खर्च कुठे केलास, असंही विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत ते फक्त, भाडं किती, प्रवासाला किती, जेवतेस ना नीट. बँकेने पैसे परत दिले याचं मोल आहेच, पण मी तुमच्यासमोर मान वर करून बसू शकले, ते मला त्याहून मोठं वाटतं. आईला सांगायचं बळही तिथूनच आलं. आई रागावली नाही. इतके दिवस एकटीने सोसलंस, म्हणून रडली.

डिसेंबरात नोकरी ठरली तेव्हा तुम्ही वहीचं एक पान फाडून त्यावर वीस चौकोन आखलेत. जानेवारीपासून आठ महिने ११० पौंड, म्हणजे मर्यादा खरोखर १०००वर येईल तेव्हा आपण ९६०वर असू. मग बारा महिने ८०. दोन्हींची बेरीज १८४०. ते पान माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. दर महिन्याला पैसे भरले की मी एका चौकोनात खूण करत गेले. एका महिन्यात दातांच्या डॉक्टरचा खर्च आला, तिथे अर्धीच खूण आहे, पुढच्या महिन्यात ती पुरी केली.

ऑगस्ट २०२४ मध्ये खात्यावर शून्य दिसलं. त्यापुढचं उण्याचं चिन्ह गेलं होतं. एकोणीस चौकोन भरलेत, विसावा मी मुद्दाम कोरा ठेवला आहे. येत्या रविवारी ते पान घेऊन येते. पेन्सिल तुमचीच लागेल.

तुमची,
मंडळात ताटं विसळणारी मुलगी