सारंगखेड्याच्या यात्रेतील अनोळखी मदतनिसांचे आभार

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा सुरू होते आणि तिथल्या घोडेबाजारात मी व्यापाऱ्यांची व्यक्तिचित्रे व त्यांच्या घोड्यांची जाहिरातीसाठीची छायाचित्रे काढतो. यंदाचे काम ज्यांच्यामुळे पार पडले त्यांची नावे विचारायचे घाईत राहून गेले, म्हणून हे जाहीर आभार.

दौडता घोडा स्पष्ट टिपायचा तर शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवावा लागतो, आणि टापांखालची धूळ उडाली की फोकस भलतीकडेच बसतो. माझी तारांबळ पाहून एका वृद्ध बाबांनी, मी काही न सांगताच, दोन बादल्या पाणी त्या पट्ट्यावर शिंपडले. भर दुपारी एका व्यापाऱ्याचे डोळे फेट्याच्या सावलीत हरवले होते, तेव्हा शेजारच्या पालातील ताईंनी, हाताला कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचे पीठ तसेच असताना, पांढरी चादर समोर ताणून धरली आणि विचारले, "आते दिखस का भाऊ?" माझा रिफ्लेक्टर वाऱ्याने सकाळीच मोडला होता, खरे तर चादरीचा उजेड त्याहून मऊ होता.

सर्वांत मोठे ऋण मात्र एका शाळकरी मुलाचे. दोन दिवसांचे काम असलेले माझे मेमरी कार्ड त्याने कडब्यातून शोधून, शर्टाला पुसून, चहाच्या टपरीवर आणून दिले. पैसे त्याने घेतले नाहीत, पांढऱ्या घोड्यासोबत एक फोटो तेवढा मागितला. तो छापून त्याच टपरीवर ठेवला आहे; त्याने तो अवश्य न्यावा.