पाऊचला टेकवलेला मोबाईल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्राध्यापकांनी काय बोलावं नि काय नाही यावर सगळेच बोलतायत म्हणून म्हटलं आपणही लिहावं. मी राज्यशास्त्र शिकवतो, सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे, आणि दरवर्षी परत मुलाखत, परत नेमणुकीची नवी ऑर्डर.

मागच्या वर्षी एफवायला कलम ३७० शिकवणं चालू होतं. ते हटवण्याच्या बाजूने काय म्हणतात ते सांगून झालं, विरोधातलं सुरू केलं तर तिसऱ्या बाकावर एकाने पेनच्या पाऊचला टेकवून मोबाईल उभा केलेला दिसला. माझं वाक्य अर्ध्यातच तुटलं, "बाकीचं पुस्तकात बघा" म्हणून मोकळा झालो. तास संपल्यावर पोरगा आला, सर ताई बाहेरून परीक्षा देतेय, तिच्यासाठी रेकॉर्ड करत होतो, पुढचं कधी सांगणार? काय सांगू त्याला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या प्राध्यापकांवर ऑगस्ट २०२२ मधल्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून १५३-अ, म्हणजे दोन गटांत वैर पसरवल्याचं कलम, लागलं होतं, ३७० हटवलं त्या ५ ऑगस्टला काळा दिवस म्हटलं वगैरे. हायकोर्टानं गुन्हा रद्द करायला नकार दिला, शेवटी ७ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केला आणि ३७० हटवण्यावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे हे स्पष्ट सांगितलं, वर पोलिसांनाच अभिव्यक्ती स्वातंत्र्य शिकवायची वेळ आलीय असंही म्हटलं. निकाल झकास, पण मधे दीड वर्ष गेलं ना, आमच्यासारख्याची तेवढ्यात दुसऱ्या वर्षाचीही ऑर्डर गेली असती.

आता आमच्या लोकांचंही सांगतो, राग आला तरी चालेल. काही परमनंट सर तासाला आपल्या आवडत्या पक्षाची भाषणं ठोकतात आणि पोरं माना डोलावतात कारण इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात. हे कसलं स्वातंत्र्य? एखाद्या पोराने उठून "सर मला नाही पटत" म्हटलं तर त्याचे मार्क जागेवर राहिले पाहिजेत, ही जबाबदारी मास्तरचीच. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवणं आहे, ते तरी नीट घ्या.

मागणी एवढीच की कोणाच्या तोंडी तक्रारीवर सीएचबीवाल्याची ऑर्डर अडवू नये, तक्रार लेखी घ्या, आमचंही ऐका, मग काय ते ठरवा.

आणि हो, नाव छापू नका प्लीज, पुढच्या महिन्यात मुलाखत आहे.

— एक सीएचबी प्राध्यापक