लाल कॅलिपर लावला म्हणून गाडी लवकर थांबत नाही

संपादक साहेब, नमस्कार,

परवा तुमच्या गाड्यांच्या पानावर ब्रेकवरचा लेख वाचला. फोटो झकास होता, चाकाच्या आतून डोकावणारा तो लालभडक सहा पिस्टनचा कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा ब्रेकचा चिमटाच म्हणा) बघून कुणालाही वाटेल आपणही बसवून घ्यावा, पण खाली जे लिहिलंय की असा कॅलिपर टाकला की गाडी निम्म्या अंतरात थांबते ते काही पटलं नाही, म्हणून हे पत्र.

कॅलिपर चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. कचकन ब्रेक दाबल्यावर पायाखाली पेडल थरथरलं, म्हणजे चाक जाम होऊ न देणारं एबीएस कामाला लागलं, की समजायचं टायरची पकड संपली आणि कंपनीचा कॅलिपर आत्ताच पुरून उरतोय. मग अजून जोर लावून मिळणार काय? चांगले टायर, कोरडा रस्ता, १०० चा स्पीड, तरी गाडी थांबायला साधारण ४० ते ४५ मीटर लागतातच, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर २८ मीटर त्याआधीच गेलेले असतात, तिथे कुठलाच कॅलिपर कामाचा नाही.

मग महागडे कॅलिपर नुसते दिखाऊ का, तर तसंही नाही हां. ब्रेक मारला की गाडीच्या वेगाची उष्णता होते. १२०० किलोची गाडी १०० वरनं थांबवली तर तेवढ्या उष्णतेत जवळजवळ दीड लिटर गार पाणी उकळीला येईल, तेही तीन-साडेतीन सेकंदात, आणि स्पीड दुप्पट केला की हीच उष्णता चौपट. एकदा मारला तर काही वाटत नाही, पण रेस ट्रॅकवर नाहीतर लांब उतारावर सारखा सारखा ब्रेक लागला की पॅड तापून घसरायला लागतात, ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल स्पंजासारखं खाली जातं. तिथे मोठी डिस्क, मोठे पॅड आणि दोन्ही बाजूंनी पिस्टन असलेला फिक्स कॅलिपर खरा उपयोगाचा, दहावा ब्रेकही पहिल्यासारखा लागतो आणि पेडल पायाला घट्ट लागतं. पण नुसते पुढचे मोठे कॅलिपर टाकले आणि मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) जुनाच ठेवला तर पेडल जास्त खाली जातं, पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी बिघडते, आणि गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं. (ते वरनं चिकटवायचे प्लास्टिकचे लाल कव्हर, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.)

मी स्वतः मोठे कॅलिपर घ्यायच्या बेतात होतो, कारण ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. मेकॅनिकने उजवं चाक काढलं तर आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा! कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिनचं रबर फाटून पाणी आत गेलेलं, पिन गंजून जाम, त्यामुळे कॅलिपर सरकायचाच नाही. पिन बदलली, नवं रबर, कॅलिपरचंच ग्रीस (साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं), दोन्ही बाजूंना नवे पॅड, झालं. ब्रेक ऑइल काढलं तर कोऱ्या चहासारखं काळं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल २३० डिग्रीपर्यंत उकळू नये असा नियम आहे आणि पाणी शोषलेल्याला तीच हद्द १५५ वर येते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि आपण टॉपअप करून मोकळे होतो. आता गाडी सरळ थांबते, त्याच जुन्या कॅलिपरवर.

तर साहेब, पुढच्या वेळी ब्रेकवर लेख छापाल तेव्हा त्या गंजक्या पिनचाही एक फोटो टाका, लाल नसला तरी चालेल.

तुमचा,
एक नेहमीचा वाचक