पाटील आणि शिंदे, दोघंही पाच प्रश्नचिन्हं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअर पुरवणीत जवळजवळ दर आठवड्याला पायथन शिका, एआय शिका, अमुक कोर्स करा असं येतं. माझ्याकडं कामाला येणारी पोरंही असले दोन-तीन कोर्स करूनच आलेली असतात, आणि तरीही गेल्या वर्षी आमच्याकडं जे झालं ते झालं, म्हणून हे पत्र. लांबलंय, मला माहीत आहे. कापायचं तर टॅबचं कापा, नावांचं तेवढं कापू नका.

मी सांगलीत पतसंस्था आणि दूध संस्थांना छोटी छोटी सॉफ्टवेअरं करून देतो. सहकारी संस्थांना वार्षिक सभा सप्टेंबरअखेरच्या आत घ्यावीच लागते, त्यामुळं ऑगस्ट उजाडला की सगळ्यांची एकदम घाई आणि सगळ्यांचे फोन मला. एका संस्थेची सभासद यादी साध्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या मजकुराच्या) फाइलीत होती, १८४० नावं, त्यातून नोटिशीच्या पाकिटांवर चिकटवायची लेबलं छापायची होती. दोन सभासद वारलेले, त्यांची नावं काढायची राहिलेली. आमच्याकडचा पोरगा, हुशार आहे, मी त्याला नावं ठेवत नाही, त्यानं फाइल एका एडिटरात (मजकूर लिहायच्या-दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्ये) उघडली, दोन ओळी उडवल्या, सेव्ह ॲज केलं, तिथं खाली एन्कोडिंगसमोर (ते काय असतं हे पुढं सांगतो) एएनएसआय, म्हणजे विंडोजची जुनी पद्धत, होतं ते तसंच राहिलं, एडिटरनं विचारलं पण की बाबा यातली काही अक्षरं जातील, चालेल का, आणि यानं ओके दाबलं. आपण सगळेच दाबतो.

लेबलं छापून आली तर सगळीकडं प्रश्नचिन्हं. 'श्री.' सुद्धा राहिलं नव्हतं, चार प्रश्नचिन्हं आणि पुढं एक टिंब. संस्थेतले एक जुने क्लार्क चष्मा लावून मोजायलाच बसले, म्हणाले अहो अक्षरं मोजून ओळखता येईल की, कदम म्हणजे तीन, बरोबर आले. जाधव चार. पण मोरे पण चार, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडलेलं चिन्ह हे सगळं कॉम्प्युटरच्या हिशोबात वेगवेगळं अक्षर असतं. पाटील पाच आणि शिंदे पण पाच. आता सांगली जिल्ह्यात पाच प्रश्नचिन्हं बघून तो पाटील का शिंदे हे कोण सांगणार! सभासद क्रमांक इंग्रजी आकड्यात होते म्हणून तेवढे वाचले, मराठी आकड्यात असते तर तेही गेले असते. पंधरा दिवसांपूर्वीची एक कॉपी पेन ड्राइव्हवर सापडली, क्रमांक जुळवून नावं परत घातली, मधल्या काळातले नवे सभासद अर्जावरून हातानं टाइप केले, दोन रात्री गेल्या.

आता हे का होतं ते सांगतो. फाइलीत अक्षरं नसतात, नुसते आकडे असतात, आणि कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे ज्यानं ठरतं ते एन्कोडिंग. आज जगभर चालतं ते यूटीएफ-८, केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात जेवताना टेबलावरच्या कागदी मॅटवर मांडलेलं. त्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट (साठवणुकीचं एक घर) लागतो आणि आपल्या देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'मराठी' हा शब्द म्हणजे पाच चिन्हं, पंधरा बाइट. जुन्या एएनएसआयमध्ये देवनागरीला जागाच नाही, त्यामुळं तुम्ही त्यात सेव्ह करा म्हणालात की एडिटर बिचारा प्रत्येक चिन्हामागं एक प्रश्नचिन्ह लिहून मोकळा होतो, आणि मग खाली खरंच प्रश्नचिन्हच उरतं, मूळ अक्षर कुठंही नसतं. गेलं ते गेलं.

पण दुसरा एक प्रकार असतो तो बघून लोक जास्त घाबरतात आणि तो मात्र साधा असतो. फाइल उघडली की डोक्यावर रेघ दिलेला रोमन ए, त्याच्या बाजूला चार पाय फुटलेलं गोल चिन्ह, मधूनच जपानी येनचं चिन्ह, असा कचरा पानभर दिसतो. ही फाइल धडधाकट असते! फक्त यूटीएफ-८ची फाइल एडिटरनं जुन्या एन्कोडिंगनं वाचलेली असते. येन का दिसतो तर दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, पाय मोडायचं चिन्ह या सगळ्यांचा दुसरा बाइट एकच असतो आणि जुन्या यादीत तो नंबर येनचा आहे. म्हणजे येन दिसले तर वाचताना चुकलंय, प्रश्नचिन्हं दिसली तर लिहिताना चुकलंय. (सीएसव्हीवर डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की हे येनचं लचांड हमखास येतं, तेव्हा त्या फाइलीला 'ही यूटीएफ-८ आहे' असं सांगणारी बीओएम नावाची तीन बाइटची खूण सुरुवातीला लागते. तीच खूण सर्व्हरवरच्या स्क्रिप्टला (छोट्या प्रोग्रॅमला) लागली की स्क्रिप्टची पहिलीच ओळ बिघडते.)

आणि आता मुख्य गोष्ट. व्हीएस कोड या एडिटरमध्ये अगदी खालच्या पट्टीत उजवीकडं यूटीएफ-८ असं बारीक लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक केलं की दोन पर्याय येतात, री-ओपन विथ एन्कोडिंग आणि सेव्ह विथ एन्कोडिंग. पहिला म्हणजे फाइलीला हात न लावता दुसरा चष्मा लावून बघ, दुसरा म्हणजे फाइलच नव्यानं लिहून काढ. नोटपॅड प्लस प्लसमध्ये एन्कोडिंगच्या मेन्यूत वर नुसती नावं असतात आणि खाली तीच नावं कन्व्हर्ट टू लावून, फरक तोच. येन दिसल्यावर घाईत दुसरा पर्याय दाबणारे मी कितीतरी बघितलेत, मग तो कचराच पक्का होऊन बसतो आणि सोडवायला डबल काम. हा एवढा फरक समजावायला दहा मिनिटं पुरतात, पण आमच्या पोरानं तीन वर्षांच्या डिग्रीत तो एकदाही ऐकलेला नव्हता, मी विचारलं ना. सी, जावा, डेटाबेस सगळं झालेलं, ज्यात ते सगळं टाइप केलं त्या एडिटरबद्दल एक तास नाही.

त्याच पट्टीत शेजारी सीआरएलएफ किंवा एलएफ लिहिलेलं असतं. टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांना हे लगेच कळेल, ओळ संपली की डाव्या हातानं लिव्हर ओढायचा, त्यानं दोन कामं व्हायची, कॅरेज परत उजवीकडं जायचं (सीआर, कॅरेज रिटर्न) आणि रोलर एक ओळ सरकायचा (एलएफ, लाइन फीड). विंडोज अजून प्रत्येक ओळीच्या शेवटी ही दोन्ही कामं लिहितं, सर्व्हरवर असतं ते लिनक्स फक्त एलएफ लिहितं. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट तशीच सर्व्हरवर टाकली की बॅड इंटरप्रिटर म्हणून बोंब येते आणि त्यात टोपीसारखं चिन्ह पुढं लागलेला एक एम (^M) दिसतो, तो म्हणजे ते जादाचं कॅरेज रिटर्न. साध्या नोटपॅडला लिनक्सची फाइल नीट ओळी पाडून दाखवायला २०१८ उजाडलं, त्याआधी सगळी फाइल एका ओळीत यायची.

ओळ आत सरकवायला (इंडेंट करायला) टॅब दाबायचा का स्पेस, हे भांडण मी वाढवत नाही. पायथन ३ दोन्हीची भेसळ चालवून घेत नाही, वायएएमएल या सेटिंगच्या फाइलींना इंडेंटसाठी टॅब चालत नाही, प्रोग्रॅम बांधायच्या मेकफाइलला टॅबच लागतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

नावांकडं परत येतो, कारण आपल्या मराठीचा खास घोळ राहिलाच. कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे. यातला तो अर्धा र दोन तऱ्हेनं टाइप होतो, कुणी टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडतं, कुणी साध्या र चा पाय मोडून पुढं एक न दिसणारं जोडचिन्ह घालतं. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. आमच्या एका यादीत कुऱ्हाडे सर्च केलं की निम्मेच कुऱ्हाडे सापडायचे आणि बाकीचे थकबाकीदार आरामात सुटायचे. विम या एडिटरमध्ये अक्षरावर कर्सर नेऊन जी आणि ए दाबलं की त्याचा नंबर खाली दिसतो, एकाचा ०९३० दुसऱ्याचा ०९३१, तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. मग एकानं आगाऊपणा करून फाइंड-रिप्लेसनं फाइलीतली सगळी अदृश्य चिन्हं साफ केली, तर र चा रफार होऊन तो ह च्या डोक्यावर बसला, कुर्हाडे! ज्याचं आडनाव आहे त्याला विचारा कसं वाटतं. मल्टी कर्सर (एकदम अनेक ओळींत टाइप करणं), कॉलम सिलेक्शन (चौकोन ओढून निवडणं) या सोयी इंग्रजी कोडला झकास आहेत पण मराठी मजकुरात अक्षरांची रुंदी सारखी नसते, चौकोन ओढला की कुणाची वेलांटी आत आणि कुणाची बाहेर.

यावर मी आता काय करतो तर प्रत्येक कामाच्या फोल्डरात डॉट एडिटरकॉन्फिग नावाची एक बारकी फाइल ठेवतो. सहा-सात ओळींची. कॅरसेट (म्हणजे एन्कोडिंग) यूटीएफ-८, ओळीचा शेवट एलएफ, इंडेंट चार स्पेस, फाइलीच्या शेवटीही ओळ संपल्याची खूण, असं. बरेच एडिटर ती आपणहून वाचतात, व्हीएस कोडला एक एक्स्टेंशन टाकावं लागतं. ओळीच्या शेवटच्या जादा स्पेस काढून टाक हे सेटिंग मात्र मी सगळ्या फाइलींना लावत नाही, कारण बँकेला पाठवायच्या ठराविक लांबीच्या फाइलीत त्या स्पेस मोजून ठेवलेल्या असतात, त्या काढल्या की फाइल परत येते, हेही ठेच लागूनच कळलं.

हे सगळे एडिटर फुकट आहेत. विम तर उघडल्यावर बरेचदा युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा म्हणतो, स्वतःची किंमत म्हणून एक रुपया घेत नाही. तेव्हा कॉलेजातल्या सर-मॅडमना विनंती आहे की पहिल्या आठवड्यात एक प्रॅक्टिकल एडिटरचं ठेवा, पोरांना स्वतःचं नाव मराठीत लिहायला लावा, एएनएसआयमध्ये सेव्ह करायला लावा, आणि परत उघडून बघायला लावा. आणि तुमच्या पुरवणीतही एकदा कोर्सच्या जाहिरातींच्या शेजारी या खालच्या पट्टीला अर्धा कॉलम द्या.

पत्र साध्या टेक्स्ट फाइलीत जोडलंय, यूटीएफ-८, बीओएम नाही. तुमच्याकडं उघडल्यावर येन दिसले तर री-ओपन करा. प्रश्नचिन्हं दिसली तर मला कळवा, मी परत पाठवतो, पण तोपर्यंत कृपा करून कुणी सेव्ह दाबू नका.

आपला,
एक वाचक, सांगली