शनिवारी येतो, तोवर टोकन देऊ नकोस

नौपाडा, ठाणे
गुरुवार

चि. चिन्मय यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू भरल्या ताटावरून उठून गेलास. आईनं तुझ्या वाटणीचं मटण दोन दिवस फ्रीजमध्ये राखून ठेवलं होतं, शेवटी काल मला वाढलं. फोन करणार होतो, पण फोनवर आपलं दोघांचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. दुसऱ्या मिनिटाला तू "हं, हं" करायला लागतोस आणि माझा आवाज चढतो. म्हणून लिहितोय. आणि तू जी जुनी फेरारी घ्यायला निघालायस, फक्त त्या गाडीबद्दल लिहिणार आहे, दुसरा विषय काढणार नाही.

"बाबा, ही पद्मिनी नाहीये," असं म्हणालास. ते मला लागलं, लपवत नाही. चोवीस वर्षं कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात, पद्मिनीच्या इंजिन असेंब्लीवर काढली मी. १०८९ सीसीचं ते फियाटचं इंजिन डोळे मिटून जोडत होतो. पण तू गेल्यावर त्या रात्री मी तुझ्या त्या फेरारी ४५८ची माहिती काढून वाचत बसलो आणि एका जागी थांबलो. फेरारीच्या त्या आठ सिलिंडरच्या इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, सपाट असतो. म्हणजे त्याच्या पिना एकशे ऐंशी अंशांवर, एका पातळीत. आपल्या चार सिलिंडरच्या पद्मिनीचा क्रँकही तसाच. बाकीच्या बहुतेक व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरच्या, गाड्यांचा नसतो, त्यांचा नव्वद अंशांत वळलेला असतो. दोन फियाट शेजारी शेजारी तिरक्या ठेवून एकाच क्रँकवर चढवाव्यात, तसं ते फेरारीचं इंजिन आहे. टायमिंगलाही पट्टा नाही, साखळी आहे, आपल्यासारखीच. १९६९ साली फियाटनं फेरारीचा अर्धा हिस्सा घेतला होता, तेव्हा कूळही एकच म्हणायला हरकत नाही. मी हे तुला चूक ठरवायला सांगत नाहीये. मला रात्री एक वाजता एवढा आनंद झाला की आईला उठवून सांगावंसं वाटलं.

तू मात्र रात्री एकला जागा असू नयेस. असो.

आत्ताची लॅम्बोर्गिनी गॅलार्डो विकायची हा तुझा निर्णय बरोबर आहे. दुसऱ्यांदा क्लच गेला तेव्हाच मी मनात म्हटलं होतं. त्या गाडीचा ई-गिअर म्हणजे मुळात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला पायाऐवजी हायड्रॉलिक पंप. माणसाला पाय कधी उचलायचा ते कळतं, पंपाला घोडबंदर रोडचं ट्रॅफिक कळत नाही. गाडी मुंगीच्या पावलानं सरकते, क्लच अर्धवट लागलेला राहतो आणि जळतो. आता ज्या दोन गाड्या तू बघतोयस, ४५८ आणि लॅम्बोर्गिनीचीच हुराकान, दोन्हींना डबल क्लच आहे आणि तो तेलात बुडालेला असतो. ऐरोलीच्या पुलावर अर्धा तास अडकलास तरी तो टिकेल.

४५८चं इंजिन ४४९७ सीसीचं, ९००० आरपीएमला ५७० हॉर्सपॉवर देतं. आम्ही पद्मिनी पाच हजारांच्या वर नेली की सुपरवायझर ओरडायचा. हुराकानचं पाच पूर्णांक दोन लिटरचं, दहा सिलिंडरचं, ६१० हॉर्सपॉवरचं. टर्बो दोघींनाही नाही, आणि ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. फेरारीनं पुढच्या ४८८ला टर्बो लावला, मग तो आवाज गेला. फरक चाकांचा. हुराकानची चारही चाकं ओढतात. ४५८ची फक्त मागची. पावसाळ्यात पामबीच रोडवर डांबराला तवंग येतो तेव्हा मागची चाकं कशी सटकतात ते तुला गॅलार्डोत कधी कळलंच नसेल, कारण तीही चार चाकांवर चालणारी. म्हणून माझं मत हुराकान. पण इंजिन म्हणून विचारशील तर ४५८. दोन्ही खरं आहे. रविवारपासून माझं मत रोज बदलतंय.

डोंबिवलीचा माणूस दाखवतोय ती ४५८ २०१२ची आहे ना? म्हणजे आगीच्या प्रकरणानंतरची. २०१० साली काही गाड्या पेटल्या होत्या. मागच्या चाकांच्या कमानीत जे उष्णतारोधक पत्रे बसवले होते त्याचा गोंद एक्झॉस्टच्या उष्णतेनं पेट घेत होता. मग गाड्या परत बोलावून गोंदाच्या जागी धातूचे रिव्हेट मारले. तुझी त्यातली नसावी, तरी चेसिस नंबर देऊन विचारून घे.

गिअरबॉक्सखाली हात फिरवून बघ, फडक्यानं नाही, उघड्या बोटांनी. ओलसर लागलं तर थांब. त्या गिअरबॉक्समधला बोटाएवढा सेन्सर बिघडला तरी आख्खी पेटी बदलायला सांगायचे, अशी त्या मॉडेलची ख्याती आहे. ब्रेकच्या डिस्क कार्बन-सिरॅमिक असतात, त्या नुसत्या नजरेनं किंवा जाडी मोजून कळत नाहीत, उतरवून वजन करावं लागतं. विकणारा "अजून नव्या आहेत" म्हणेल. वजन करायला सांग.

टायर बघताना नक्षी बघू नकोस, बाजूचे चार आकडे बघ. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. या गाड्या वर्षाला हजार किलोमीटरही चालत नाहीत. नक्षी कोरी करकरीत राहते आणि रबर आतून दगड होतं. तू हात लावतोस, छान वाटतं, आणि वेगात तो रस्ता धरतच नाही. कमी किलोमीटरला भुलू नकोस एवढंच म्हणायचंय. उभी राहिलेली गाडी चाललेल्या गाडीपेक्षा जास्त खराब होते, सगळे सील वाळतात.

आणि सीटबेल्ट. हे तुला कोणी सांगणार नाही. बेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, अगदी त्या चाकातून आणखी निघत नाही तोवर. २६ जुलै २००५च्या पावसानंतर मी वागळे इस्टेटच्या गॅरेजमध्ये होतो तेव्हा किती गाड्या अशा पाहिल्या. गालिचे नवीन, वास अत्तराचा, इंजिन चकचकीत. पण बेल्टची शेवटची वीतभर पट्टी कोणी धूत नाही. तिथं गाळाची तपकिरी रेघ सापडायची. ती रेघ जिथं असेल तिथपर्यंत पाणी चढलेलं असतं.

गाडी पाँडिचेरी पासिंगची आहे असं तू म्हणालास. एनओसी, जुनं लोन फिटल्याचं पत्र, हायपोथिकेशन म्हणजे बँकेचा बोजा उतरवल्याची नोंद हे सगळं हातात आल्याशिवाय पैसे सोडू नकोस. बाहेरच्या राज्याची गाडी इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नोंदणी बदलावी लागते. वाशीच्या आरटीओत एमएच ४३ करून घे, टॅक्स भर, मोकळा हो. पैसे वाचवायला दुसऱ्या राज्याचा नंबर मिरवायचा हे आपल्याकडे कोणी केलेलं नाही.

बघ, मी पुन्हा शिकवायला लागलो. तुझी कंपनी आहे, चाळीस माणसांचे पगार तू करतोस, तुला कागदपत्रं कळतात. सोडून दे.

पण मला एक सांग, परवाच्या रविवारी लोणावळ्याला गेलास तेव्हा आदल्या रात्री किती वाजता झोपला होतास?

मृणालनं मला काही सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं, पण तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. अमेरिकेचा कॉल साडेतीनला संपला, पावणेचारला तू आडवा झालास आणि साडेपाचला किल्ली घेऊन खाली उतरलास. म्हणे सकाळी सहाच्या आत रस्ता मोकळा मिळतो, सगळे मित्र तेव्हाच निघतात. मिळतो, मला मान्य आहे. रस्ता मोकळा असतो म्हणूनच मला भीती वाटते. ट्रॅफिकमध्ये माणूस जागा राहतो.

मी हिशेब मांडला. ताशी शंभरला गाडी एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर जाते. डोळा तीन सेकंद लागला तर ८३ मीटर. अटल सेतूवर शंभरचीच मर्यादा आहे, पण तू शंभरवर चालवतोस असं मी धरत नाही. दीडशेला १२५ मीटर. त्या सव्वाशे मीटरमध्ये चार चाकं ओढतात की दोन, टायर कुठल्या सालचा, कशाचाच उपयोग नाही.

लिहिणार नव्हतो हे. गाडीबद्दलच लिहायचं ठरवलं होतं.

२००२ साली सचिनला फियाटनं फेरारी ३६० मोडेना दिली, ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून. शुमाकरच्या हातून, सिल्व्हरस्टोनला. तू पेपरातला तो फोटो कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलास आणि खाली स्केचपेननं लिहिलंस, "चिन्मयची, २०२५." ते दार अजून तसंच आहे. पेपर पिवळा पडलाय, पण लाल रंग थोडा राहिलाय. तू पहिल्यांदा गॅलार्डो घेऊन आलास, गल्लीत वळेना, दोन स्कूटर हलवाव्या लागल्या, सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी होती, तेव्हा मी मुद्दाम खाली उतरलो नाही. तू समजलास मी नाराज आहे. मी त्या कपाटासमोर उभा होतो. डोळे पुसल्याशिवाय चारचौघांत जाता येत नव्हतं.

आता जे लिहितोय ते आईला विचारून लिहितोय. ती "लिही" म्हणाली.

१९९६चा डिसेंबर. कराडला नंदूच्या लग्नाला चाललो होतो आपण. तू सहा वर्षांचा. माझी सेकंड शिफ्ट होती, सुट्टी मिळाली नव्हती. बाराला घरी आलो, आंघोळ केली आणि एकला निघालो. बोरघाट ओलांडला, पुणं गेलं, खंबाटकीही चढून उतरलो. तिथवर मी स्वतःला चिमटे काढत होतो, खिडकी उघडी ठेवली होती, आई मला सुपारी देत होती. मग घाट संपल्याचं बरं वाटलं. त्या बरं वाटण्यानंच घात केला. फटफटायला लागलं होतं, रस्ता सरळ, समोर कोणी नाही. सुरूर फाट्याच्या अलीकडे मला पुढचं आठवतं ते थेट ज्वारीच्या धाटांचा आवाज. पत्र्यावर सपासप. रस्ता डाव्या बाजूनं सोडून आपण शेतात शिरलो होतो. एक बाभूळ माझ्या बाजूनं हातभर अंतरावरून गेली. पद्मिनी साठवर होती, त्यापेक्षा जास्त ती जातच नव्हती, म्हणून थांबली.

तू मागच्या सीटवरून खाली पडलास आणि तरी झोपेतच होतास. आईचा हात डॅशबोर्डवर आपटून बांगड्या फुटल्या. मनगटावरचा तो व्रण चुलीचा नाही. गाडीच्या पुढच्या जाळीत धाटं अडकली होती, ती मी उपटून काढत होतो आणि हात इतके थरथरत होते की एकेका धाटाला दोन दोन मिनिटं लागली.

कुत्रं आडवं आलं ही गोष्ट आईनं रचली. कराडला पोचेपर्यंत तिनं ती तीनदा मला म्हणून दाखवली, माझी चूक पडू नये म्हणून. अण्णांसमोर, पाहुण्यांसमोर, सगळ्यांसमोर ती तेच बोलली. आणि तू आख्ख्या लग्नात मला विचारत फिरलास, "बाबा, कुत्रं वाचलं ना?" मी दर वेळी म्हणालो, वाचलं.

कुत्रं नव्हतंच, चिन्मय. मी झोपलो होतो.

तू म्हणशील, तुमचं वेगळं, तुम्ही शिफ्ट करून आला होतात. तूही शिफ्टच करून जातोस. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो, मला वाटत होतं मला काही होत नाही. झोप येतेय हे कळतं तोवर माणूस सावध असतो. ती येऊन गेलेली असते तेव्हाच कळत नाही.

गाडी घे. मी घेऊ नको म्हणत नाही, कधीच म्हणालो नव्हतो. ४५८ घेतलीस तरी मी नाही म्हणणार नाही, ते सपाट क्रँकचं इंजिन एकदा मागचं झाकण उघडून समोर बघायचंय मला. फक्त कॉल असेल त्या रात्रीनंतर सकाळी किल्लीला हात लावू नकोस. मित्रांना काय सांगायचं ते मी ठरवून देतो हवं तर. म्हातारे बाबा येऊन राहिलेत म्हण. खरोखर येऊन राहतो.

रविवारी मीही जास्त बोललो. "आधी झोपायला शिक, मग फेरारी घे" हे ओवीसमोर म्हणायला नको होतं. माझं चुकलं.

शनिवारी दहापर्यंत डोंबिवलीला येतो. टॉर्च, फडकी आणि माझा जुना आरसा घेऊन येतोय, गाडीखाली बघायला. तोवर टोकन देऊ नकोस. मी लोकलनं येईन, मला घ्यायला ठाण्याला येऊ नकोस. तेवढा वेळ झोप.

तुझा,
बाबा

ता. क. आई डब्यात मटण देणार आहे. आणि ओवीला तू झोपताना अजून ती कुत्र्याची गोष्ट सांगतोस असं मृणाल म्हणाली. तिला एवढ्यात काही सांगू नकोस. तिनं विचारलं तर वाचलं म्हण.