डॉसबॉक्सला दोष देण्यापूर्वी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डॉस या विंडोजपूर्व प्रणालीचे जुने प्रोग्रॅम डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) धड चालत नाहीत, तेव्हा ते मोडीत काढावेत, असा सल्ला आपल्या संगणकविषयक स्तंभात वाचला. माझी सारी नोकरी क्लिपर आणि टर्बो पास्कल या डॉसवरच्या प्रोग्रॅमिंग साधनांमध्ये हिशेबाचे व पगारपत्रकांचे प्रोग्रॅम लिहिण्यात गेली. त्यांतले काही अजून वापरात आहेत आणि ते अडले की फोन मलाच येतो. बहुतेक वेळा एम्युलेटर बिचारा आपले काम चोख करत असतो. प्रोग्रॅमने मात्र यंत्राचा वेग, डिस्क आणि प्रिंटर यांबद्दल काही गोष्टी तेव्हाच गृहीत धरलेल्या असतात, आणि अडचण तिथे असते.

एम्युलेटर लागतो कशाला, हे आधी थोडक्यात. प्रोसेसर ६४ बिट पद्धतीत चालू असताना व्हर्च्युअल ८०८६ मोड, म्हणजे जुन्या १६ बिट प्रोसेसरसारखे वागण्याची सोय, मिळत नाही, त्यामुळे ६४ बिट विंडोजमध्ये डॉस प्रोग्रॅम थेट चालवण्याची सोयच नाही. विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच येते.

सर्वांत जास्त येणारी तक्रार म्हणजे ‘रनटाइम एरर २००’. हिची सुरुवात गंमतशीर असते. डॉसबॉक्समध्ये सायकल्सची, म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण किती सूचना चालवायच्या याची, सेटिंग मुळात ‘ऑटो’ असते, आणि रिअल मोडमधल्या, म्हणजे डॉसच्या मूळ साध्या पद्धतीने चालणाऱ्या, प्रोग्रॅमला तिथे जेमतेम ३००० सायकल्स मिळतात. अहवाल निघायला वेळ लागतो, म्हणून कोणीतरी हुशार भाचा सेटिंग ‘मॅक्स’ करून जातो. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम उघडतच नाही! झालेले असते असे: टर्बो पास्कलचे सीआरटी युनिट (पडदा आणि कळफलक सांभाळणारा तयार भाग) सुरू होताना, घड्याळाच्या एका टिकमध्ये, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामे लूप किती वेळा फिरते ते मोजते आणि त्या आकड्याला ५५ने भागते. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५च्या आत, मावले पाहिजे. वेगवान यंत्रावर ते मावत नाही, आणि प्रोसेसर शून्याने भागल्यावर करतो तीच ओरड इथेही करतो. पेंटियम २०० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचले तेव्हा खऱ्याखुऱ्या यंत्रांवरही हेच झाले होते. तेव्हा एम्युलेटर नव्हता, दोष द्यायला फक्त आम्ही होतो. उपाय सोपा आहे. सायकल्स ‘फिक्स्ड’ करून वीस हजारांच्या आसपास ठेवाव्यात, मग कंट्रोल-एफ१२ने हळूहळू वाढवाव्यात आणि फार झाल्यास कंट्रोल-एफ११ने उतरवाव्यात.

‘फाइल दिसत नाही’ हा दुसरा नेहमीचा फोन. विंडोजमधून फोल्डरमध्ये टाकलेली फाइल चालू डॉसबॉक्सला लगेच दिसेलच असे नाही, कारण फोल्डरची यादी त्याने आधीच वाचून ठेवलेली असते. कंट्रोल-एफ४ दाबले की यादी नव्याने वाचली जाते. फाइलचे नाव आठ अधिक (टिंबानंतरच्या) तीन अक्षरांत बसते का, तेही पाहावे. डिस्कवर जागा नाही असा संदेश आला तर नवी डिस्क घ्यायला धावू नये. माउंट केलेल्या, म्हणजे डॉसबॉक्सला डिस्क म्हणून जोडून दिलेल्या, फोल्डरमध्ये डॉसबॉक्स ठरावीकच, सुमारे २५० एमबी, मोकळी जागा दाखवतो. माउंट आज्ञेतच ती वाढवता येते.

मला खरी काळजी वाटते ती कंट्रोल-एफ९ची. टर्बो पास्कलच्या संपादकात या चाव्यांनी प्रोग्रॅम चालतो आणि डॉसबॉक्समध्ये त्याच चाव्यांनी अख्खा एम्युलेटर तत्काळ बंद होतो, काही न विचारता. ज्याचे बोट तीस वर्षे त्या चाव्यांवर बसले आहे त्याने काय करावे? कंट्रोल-एफ१ने कीमॅपर (चाव्यांची कामे बदलायची सोय) उघडून ती जोडी पहिल्याच दिवशी बदलून टाकावी. खिडकीच्या फुलीवर क्लिक करण्यातही हाच धोका आहे. क्लिपर ज्यात डेटा ठेवतो त्या डीबीएफ फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या भागात, नोंदींची संख्या लिहिलेली असते, आणि क्लिपरचा प्रोग्रॅम ती बहुधा फाइल बंद करताना लिहितो. मध्येच गळा आवळला तर नव्या नोंदी डिस्कवर पोचूनही मोजणीत येत नाहीत, आणि लोक म्हणतात, डॉसबॉक्सने डेटा खाल्ला. प्रोग्रॅममधून रीतसर बाहेर पडावे, मग ‘एक्झिट’ द्यावे.

छपाईच्या बाबतीत मात्र तक्रार रास्त आहे. साध्या डॉसबॉक्समध्ये प्रिंटरची सोय नाही. डॉसबॉक्स-एक्स या त्याच्यापासून निघालेल्या वेगळ्या आवृत्तीत ती आहे, आणि समांतर पोर्टचे (प्रिंटर जोडायच्या जागेचे) आउटपुट फाइलमध्येही घेता येते. त्या फाइलमध्ये डावा बाण किंवा लहानसा सूर्य दिसला तर फाइल बिघडली असे समजू नये. बाण म्हणजे २७ क्रमांकाचा एस्केप, म्हणजे पुढे प्रिंटरसाठी आज्ञा आहे अशी खूण, आणि सूर्य म्हणजे १५ क्रमांकाचा कोड, ज्याने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बारीक अक्षरांत छापू लागतो. लेझर प्रिंटरला सहसा ही भाषा कळत नाही. त्याला दोष देऊ नये आणि एम्युलेटरलाही नाही.

२०२६ ऐवजी १९२६ उमटले तर तेही क्लिपरचेच. सेट इपॉक ही आज्ञा (दोन आकडी वर्षे कोणत्या सालापासून धरायची ते सांगणारी) दिलेली नसेल तर दोन आकडी वर्ष तो १९०० पासून धरतो.

एक गोष्ट स्तंभकारांच्या बाजूने सांगतो. डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी बनवलेला आहे. एकच डीबीएफ दोन संगणकांवरून एकाच वेळी उघडायची असेल तर साध्या डॉसबॉक्सच्या फाइल लॉकिंगवर (दोघांनी एकाच वेळी लिहू नये म्हणून लागणाऱ्या कुलपावर) विसंबू नये, इंडेक्सची, म्हणजे नोंदींचा क्रम ठेवणाऱ्या फाइलची, वाट लागते. अशा ठिकाणी एका वेळी एकानेच बसावे, किंवा प्रोग्रॅम खरोखरच बदलावा.

कंट्रोल-एफ४, एफ९, एफ११ आणि एफ१२ या चाव्यांचा छोटा तक्ता पुढच्या स्तंभात छापलात तर बरे होईल. आणि त्याच्या वर ठळक अक्षरांत एवढे छापावे: कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी डेटाच्या फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.

आपला,
एक निवृत्त प्रोग्रॅमर