तुझा राग आणि येता शनिवार

प्रिय सुहास,

तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून तसाच ठेवतोस, म्हणून शेवटी पत्र लिहायला बसलोय. फाडायचंच असेल तर वाचून झाल्यावर फाड.

तुझं म्हणणं माझ्यापर्यंत पोचलं आहे. 'तो घाबरला, उगाच ॲम्ब्युलन्स बोलावली, घरी सगळं कळलं आणि कॉलेजभर शोभा झाली.' शोभा झाली, कबूल. मी घाबरलो होतो, तेही कबूल. पण 'उगाच' हा शब्द मला मान्य नाही. त्या खोलीत न प्यायलेला मी एकटाच होतो, त्यामुळे त्या रात्री काय झालं ते तुला धड सांगू शकेल असं दुसरं कुणी नाही.

साडेबाराच्या सुमारास तू कोपऱ्यातल्या गादीवर उताणा पडलास. सगळे हसले. एकाने फोटो काढला, तो मी नंतर डिलीट करायला लावला. 'झोपू दे त्याला, सकाळपर्यंत उतरेल' असं कुणीतरी म्हणालं आणि मीही मान डोलावली. लिहायला लाज वाटते, पण त्यानंतर अर्धा तास मी तुझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तुझा चार्जर हवा होता म्हणून आलो. हाक मारली. खांदा धरून गदागदा हलवला. दंडाला सणसणीत चिमटा काढला. हूं नाही की चूं नाही. हात गार पडलेले, ओठ निळसर. मग मोबाइलवर एक मिनिट लावून तुझे श्वास मोजले. सात भरले. मोठा माणूस स्वस्थ झोपेतही मिनिटाला साधारण बारा तरी श्वास घेतो. आकडा आठच्या खाली गेला, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांची फट पडायला लागली, तर त्याला झोप म्हणत नाहीत. ती दारूची विषबाधा असते. खरं तर चिमट्याने जागा होत नाही एवढं एक लक्षणही फोन लावायला पुरेसं होतं. मी मोजत बसलो, ते एक मिनिटही फुकट घालवलं.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक घोळ आहे. शेवटचा ग्लास ठेवला की तिथून उतरायला लागते असं आपण धरून चालतो. पोटातली दारू मात्र त्यानंतरही रक्तात जातच राहते, म्हणजे आडवा झालेला माणूस आडवा झाल्यावरही चढत जातो. उतरवणारं यकृत आपल्याच चालीने चालतं, तासाला साधारण एक पेग. त्याला घाई करता येत नाही. कॉफीने झोप उडते, नशा जागच्या जागी राहते. गार पाण्याने माणूस ओला होतो, एवढंच.

तुला कुशीवर वळवलं, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवला, हनुवटी थोडी वर आणि तोंड जमिनीकडे. इतकी नशा असली की घसा बधिर होतो. उताण्या माणसाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते आणि त्याला खोकताही येत नाही. दहा मिनिटांत तू ओकलास. माझी पँट त्यात गेली, तो हिशेब अजून बाकी आहे.

त्या खोलीत आम्ही अकरा जण होतो रे. कुणी दुष्ट नव्हतं. डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९६८ चा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं आणि त्यातल्या एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के तो झटका संपायच्या आत मदतीसाठी उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं ज्यांना वाटलं, त्यांच्यातले ३१ टक्केच. आमचं तेच झालं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा बघतोय.

आता शनिवारच्या पार्टीचं. तू जाणार हे मला माहीत आहे, जाऊ नकोस असं मी म्हणणारही नाही. पण उपाशीपोटी येऊ नकोस. एनर्जी ड्रिंकमध्ये दारू घालून पिणं बंद कर, त्याने किती चढली ते कळत नाही, चढायची तेवढी चढतेच. आणि ग्लास खाली ठेवून नाचायला गेलास तर तोच परत तोंडाला लावायचा नाही. पेयात गोळ्या टाकणाऱ्यांच्या गोष्टी आपण ऐकतो, आणि तसं घडतंही. (शंका आली तर सकाळची वाट बघायची नाही. जीएचबीसारखं गुंगीचं औषध लघवीत जेमतेम बारा तास सापडतं.) पण विचारल्याशिवाय कुणाच्या ग्लासात दारू वाढवणं हाही त्यातलाच प्रकार, आणि आपल्या टोळक्यात तो गंमत म्हणून खपतो. तुझ्या तिसऱ्या ग्लासात काय होतं, तुला ठाऊक आहे? मला ठाऊक आहे. ज्याने भरला त्याच्याशी मी अजून बोलत नाही.

मुलींबद्दल एकच सांगतो. जिला नीट उभं राहता येत नाही, तिचा 'हो' हा हो नसतो. तुझ्याबद्दल शंका नाही, इतरांवर डोळा ठेव.

आणखी एक. शनिवारची जागा तळघरात आहे, म्हणून आत शिरताच दुसरं दार शोधायचं. हसू नकोस. ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात जानेवारी २०१३ मध्ये किस नावाच्या नाइटक्लबात विद्यापीठातल्या मुलांचीच पार्टी होती. बँडने मोकळ्या जागेत उडवायची आतषबाजी आत पेटवली, छताचा फोम भडकला. बाहेर पडायला वाट एकच. मुलं बिल चुकवून पळताहेत असं समजून रखवालदारांनी सुरुवातीला त्यांना अडवलं. धुरात कित्येक जण बाहेरचं दार समजून स्वच्छतागृहात शिरले. २४२ जण गेले.

तुझ्या आईशी माझं बोलणं झालं. त्या तुझ्यावर रागावलेल्या नाहीत, तुला वाटतं तेवढ्या तर नाहीतच. त्यांनी मला विचारलं, किती वेळ तसाच पडून होता? मी पंधरा मिनिटं सांगितली. खरं काय ते तुला वर लिहिलंच आहे. त्यांना तू सांगायचं की मी, हे भेटल्यावर ठरवू.

शनिवारी गाडी माझी, म्हणजे मी एक घोटही घेणार नाही. आठला खाली येऊन हॉर्न देईन. आलास तर ठीक, नाहीतर चार्जर वॉचमनकडे ठेवून जातो.

तुझा,
अवि